आठ लिटरच्या वर

रविवारी मी मामीकडे मागच्या दाराने गेले आणि तिथेच सगळं बिघडलं.

पुढच्या दाराने गेले असते तर कुत्रं भुंकलं असतं, मामीने आतून 'कोन शे?' विचारलं असतं, आणि चहा पिऊन मी नेहमीसारखी परत आले असते. पण प्रकाशा गावाकडून येणाऱ्या रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर उलटला होता, म्हणून मी स्कूटी केळीच्या बांधावरून घातली आणि थेट गोठ्याशी उतरले. मामी तेव्हा साखरीची धार काढून उठत होती. हातातली बादली फेसाने काठोकाठ भरलेली. मी तोंड भरून कौतुक करणार, तेवढ्यात तिने बादली बाजूला ठेवली, एक रिकामी चरवी घेतली आणि परत गाईखाली बसली.

चरवीही भरली.

मी पोटापाण्यासाठी काय करते ते आधी सांगते, म्हणजे दोन भांडी दूध पाहून मी का हादरले ते कळेल. शहाद्याहून पुरुषोत्तमनगरकडे जाताना आमचं गो-पैदास संशोधन केंद्र लागतं. तिथे मी वळू निवडते. वळू काही दूध देत नाही, सगळी गोम तिथेच आहे. त्याच्या आईचं दूध, आजीचं दूध, बहिणींचं दूध, असं नात्यागोत्यातलं सगळं दूध मोजून, गणित मांडून आम्ही ठरवायचं की या गोऱ्ह्याच्या लेकी पुढे किती दूध देतील. जो निवडला त्याचं रेतन तापीकाठच्या गावागावांत पुढची कित्येक वर्षं जाणार. जो निवडला नाही तो खच्ची करून मालकाला बैल म्हणून परत. चूक झाली तर ती पिढ्यान् पिढ्या गोठ्यात उभी राहते, आणि रोज सकाळी अर्धी बादली दूध देऊन आठवण करून देते.

येत्या बुधवारी समिती येणार होती. यादी तयार होती, मीच केलेली. आणि मामीच्या साखरीचा गोऱ्हा, झुंबर, त्या यादीत खालून दुसरा होता, कारण आमच्या नोंदीप्रमाणे साखरी दिवसाला साडेसहा लिटर देत होती. दिवसाला. दोन्ही वेळचे मिळून. आत्ता माझ्या डोळ्यांदेखत तिने एका बैठकीत त्याच्यावर दिलं होतं.

"मामी," मी म्हटलं.

ती केवढी दचकली! आणि पहिलं काय केलं, तर पदराने बादली झाकली. माझ्यापासून! जिच्या मांडीवर मी लहानाची मोठी झाले, ती सुगंधामामी माझ्यापासून दूध झाकत होती.

"तू कथाईन ऊनी?"

"मामी, लोटनभाऊ मोजाले येस तवय कितलं काढस तू?"

ती पदर नीट करत म्हणाली, "दोन सडनं. दोन सड वासरूले सोडस. तो गया का मंग काढस."

"पन काब्र?"

"काब्र काय? लोकेस्ना डोया शेतस ना."

मला राग आला, हे सरळ सांगते. पाच वर्षं! पाच वर्षं आमच्या केंद्राचा लोटनभाऊ काटा घेऊन उन्हातान्हात दारोदार फिरतोय, मी त्या आकड्यांवर डोळे फोडतेय, आणि इथे घरातच घोडं पेंड खातंय. मी बोलायला तोंड उघडलं, तर मामीने मला आधीच्या गाईची गोष्ट सांगितली. मला ती अर्धवट ठाऊक होती. गवळण नावाची तिची एक गाय तालुक्याच्या दूध स्पर्धेत पहिली आली होती. सगळ्या गावासमोर धार काढली, हारतुरे झाले, फोटो निघाले.

"बक्षीस लीसन ऊनू, नि आठ दिनमा गाय मरी गयी," मामी म्हणाली. "कास दगडनी मायक व्हयनी. आनि त्याच महिनामा भूमिकानं..."

पुढचं ती बोलली नाही. भूमिका तिची सून. त्या महिन्यात तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. आता पुन्हा तिला आठवा लागला होता.

"मामी, त्या गायीले कासना रोग व्हयेल व्हता."

"हां, रोगच. पन तो तवयच काब्र ऊना?"

जंतू कसे शिरतात ते मी पंधरा मिनिटं सांगू शकले असते. तिने ते विचारलंच नव्हतं.

*

सोमवारी मी हे जाहिदला सांगितलं. जाहिद आमचा आकडेवाला. नंदुरबारच्या जुन्या व्यापारी घरातला. बाप-चुलते मिरचीच्या वजनात मुरलेले, हा गाईंच्या दुधात. मला वाटलं होतं तो ओरडेल. तो ओरडला नाही, त्याने फक्त संगणकावर एक आलेख उघडला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

सगळ्या गावांतल्या सगळ्या गाईंचं दूध त्यात होतं. असा आलेख मधे उंच असतो आणि दोन्ही बाजूंना हळूहळू उतरत जातो. थोड्या गाई फार कमी देतात, थोड्या फार जास्त देतात, हा निसर्ग आहे. आमचा आलेख डावीकडे छान उतरत होता. उजवीकडे आठ लिटरपाशी सरळ कापलेला होता, शाळेच्या कुंपणाची मेंदी माळी छाटतो तसा. आठच्या वर एक गाय नाही.

हे आम्हाला आजवर दिसलं नव्हतं असं नाही. दिसलं होतं, आणि आम्ही त्यावर लेख लिहिला होता! 'तापीकाठच्या गीर गाईंची नैसर्गिक मर्यादा' असं काहीसं. या भागातल्या गाईंत फरकच फार थोडा आहे, आणि आठ लिटर ही त्यांच्या रक्तातलीच सीमा आहे, असं आम्ही ठासून मांडलं होतं. परिषदेत टाळ्या पडल्या होत्या. एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञाने मला बाजूला घेऊन शाबासकी दिली होती, आणि मी घरी येऊन आईला पेढे आणायला लावले होते.

जाहिदने लोटनभाऊला बोलावलं. लोटनभाऊ सरळ माणूस, काट्याइतका सरळ.

"लोटनभाऊ, मोजायला जाता तेव्हा बाया तुम्हाला काही विचारतात?"

"इचारतस ना. सगयास्मा जास्त कोनं शे, इतलंच."

"मग?"

"मंग सांगस. खोटं काब्र बोलू?"

झालं. कोणाचंही जास्त नसावं एवढीच प्रत्येकीची काळजी. लोटनभाऊ सांगणार, सगळ्यांत वरती अमकीचं आठ. की पुढची बाई सात-साडेसातला हात आवरता घेणार. साऱ्या गावांनी मिळून एक कुंपण घातलं होतं आणि कोणी कोणाशी एक शब्द बोललं नव्हतं. आणि जिची गाय जितकी चांगली तितकं तिने जास्त लपवलेलं. म्हणजे आमची यादी नुसती चुकीची नव्हती, बरीचशी उलटी होती.

"किती जणी लपवत असतील?" मी विचारलं.

"तेच तर माहीत नाही," जाहिद म्हणाला. "तुझ्या मामीचा आकडा दुरुस्त करून चालणार नाही, मयूरी. एकीचा वाढवला तर बाकीच्यांवर अन्याय. थांबवायचं तर सगळंच थांबवायला हवं."

केंद्राच्या मोठ्या सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती तुझी सख्खी मामी ना?"

कानाखाली मारल्यासारखं झालं. कारण तो प्रश्न मी स्वतःला आदल्या रात्रीपासून विचारत होते. झुंबर मामीचा नसता तर मी एवढी कासावीस झाले असते का? सर म्हणाले, समितीची तिकिटं झाली आहेत, बुधवार हलणार नाही, पुरावा असेल तर आण, भावना नको. शेवटी असं ठरलं, की मंगळवारी जाहिदने स्वतः साखरीचं दूध मोजायचं, पूर्ण, चारी सडांचं. मी हात लावायचा नाही.

आता मामीला तयार करायचं होतं. संध्याकाळी गेले तर ती तांदूळ निवडत बसली होती. माझ्याकडे न बघता तिने एवढंच विचारलं, "बुधवारले झुंबरले ठोकतीन?"

हो, खच्ची करतील, मी म्हटलं.

झुंबर जन्मला तेव्हा साखरीला ताप होता. मामीने त्याला बाटलीने वाढवलं होतं, कान जमिनीला लागतील इतके लांब म्हणून नावही तिनेच ठेवलं होतं. केंद्रात देताना म्हणाली होती, जाऊ दे, गावाचा वळू होईल. आता एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला सुनेचं आठव्यातलं पोट. तिच्या डोक्यात हा तराजू खरा होता, आणि त्यात वजन टाकायला मी आले होते. मला स्वतःचीच चीड आली, तरी मी उठले नाही.

तांदूळ बाजूला सारून ती म्हणाली, "मोजी ल्या. पन आकडा तुन्हा तोंडमाईन गावमा निंघाले नको. सबद दे."

मी शब्द दिला.

*

मंगळवारी सकाळी गोठ्यापाशी निम्मी गल्ली गोळा झाली होती. बातमी कोणी फोडली कोण जाणे. जाहिद काटा घेऊन उभा, लोटनभाऊ त्याच्या शेजारी, शेजारची तापीबाई तर मुलाला काखेत मारून आलेली. मामी गाईखाली बसली तेव्हा तिचे हात मला लांबूनही थरथरताना दिसत होते.

साखरीनेही ही गर्दी हेरली. तिने एकदा माणसांकडे पाहिलं, एकदा मामीकडे, आणि पान्हाच चोरला. वासरू लावलं, गोंजारलं, गूळ दिला, पेंड दिली. गाईने पाय आपटले, शेपटी मामीच्या तोंडावर मारली आणि कास आखडून घेतली. चारी सडांचे मिळून तीन लिटर. पाच वर्षं जे दूध मुद्दाम लपवलं, ते दाखवायची वेळ आली तर गायच दाखवेना! जाहिदने आकडा लिहिला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही, ते त्याचे उपकार.

मामी उठली. "देख," ती मला म्हणाली, "लागनी ना नजर!" आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

तो दिवस मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. केंद्रात गेले, झुंबरच्या कठड्यापाशी उभी राहिले. तो माझी ओढणी चघळत होता. माझ्या हातात आता पुरावा होता, उलटा. सरांना हाच दाखवला तर ते म्हणतील, बघ, मामीची माया. आणि न दाखवावा तर मी कसली शास्त्रज्ञ? डबा तसाच लोटनभाऊला दिला.

दुपारनंतर जाहिद आला. म्हणाला, "दोन वेळा मिळून दिवस होतो. संध्याकाळ बाकी आहे. चल."

या वेळी त्याने आधी गल्लीतल्या लोकांना हात जोडून घरी पाठवलं. मग मामीला विचारलं, "मावशी, मी पाठ करून बसलो तर चालेल?" आणि खरोखरच हा आमचा विद्वान गव्हाणीपलीकडे भिंतीकडे तोंड करून बसला, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा. मीही त्याच्या शेजारी बसले. साखरी पुन्हा पाय आपटू लागली.

तेवढ्यात घरातून भूमिका आली. सासूने तिला दोन महिने गोठ्याकडे फिरकू दिलं नव्हतं.

"तू घरमा जाय!" मामी ओरडली.

"आई, तुम्ही बाजूले व्हा. तुमना हात थरथरी ऱ्हायनात, तिले समजस." भूमिका पोट सांभाळत पाटावर टेकली असावी, पाट कुरकुरला. मग ती साखरीशी काहीबाही बोलू लागली, नणंदेच्या तक्रारी सांगाव्यात तसं. जरा वेळ काही नाही. आणि मग बादलीत धारांचा आवाज सुरू झाला. आधी टणटण, मग बादली भरत आली तसा जाड, घुमल्यासारखा. थांबेचना. जाहिदने डोळे मिटून घेतले होते.

मामीने बादल्यांवर फडकी बांधली आणि मगच त्या काट्याला लागल्या. दूध आम्ही पाहिलं नाही. बादली नि फडकं वजा करून जाहिदने आकडा लिहिला आणि कागद मला दाखवला. साडेअकरा. एका वेळचे.

*

बुधवारी केंद्राच्या अंगणात मांडव घातला होता. पुण्याहून समिती आली होती, तिच्या अध्यक्ष एक करड्या केसांच्या बाई. गोऱ्ह्यांचे मालक आपापल्या गावांहून आले होते, त्यांत बायाच जास्त. मामीही होती, मागे, नथ्थूमामाच्या आडोशाला.

मी सरांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी कागद पाहिला. "ही कसली गाय? सकाळी तीन आणि संध्याकाळी साडेअकरा? आणि असल्या एका नोंदीवर मी पाच वर्षांचं काम थांबवू? बाईंसमोर मांड, सगळ्यांसमोर, गाईचं नाव घेऊन."

"सर, सगळ्यांसमोर नाही सांगता येणार."

"शास्त्रात गुपित नसतं, मयूरी." आणि ते पुढे गेले.

मी जाहिदकडे पाहिलं. तो म्हणाला, "शब्द तू दिलास. तू म्हणशील तसं." त्याचंही तोंड उतरलं होतं. मी बाईंना गाठायला निघाले, एकटीला गाठून सांगता आलं तर बघावं म्हणून, पण त्यांच्याभोवती हार आणि सत्काराचा गराडा पडलेला. मी कडेने फिरत राहिले. आणि तेवढ्यात डॉक्टरांनी काम सुरू केलं.

सगळ्यांत खालचा गोऱ्हा गजराबाईचा होता. दोर लावून त्याला आडवा केला, मोठा चिमटा लागला, तो एकदाच हंबरला. गोऱ्हा सोडला, तो लंगडत कडेला गेला. याच्या आईचं दूध किती, देव जाणे. मला तरी कुठे माहीत होतं? मी तोंडाला कुलूप लावून उभी होते आणि तेवढ्यात एक वळू संपला होता.

मग झुंबर. तो लाडावलेला, दोर बघून आपणहून पुढे आला. चौघांनी त्याला पाडला. मी मामीकडे पाहिलं. ती मान हलवत होती. नको म्हणत होती, पण काय नको? चिमटा नको की आकडा नको? डॉक्टर वाकले.

"साडेअकरा!" मी ओरडले. "थांबा! याच्या आईचं दूध साडेअकरा आहे, एका वेळचं! यादी चुकीची आहे, सगळी यादी!"

मांडवातल्या साऱ्या बाया एकदम वळून मामीकडे बघू लागल्या. एवढे डोळे. जन्मभर जे टाळलं ते मी एका वाक्यात तिच्या अंगावर आणलं होतं. मामीने पदर डोक्यावरून पुढे ओढला, एक हात उगाच पोटापाशी धरला, जणू पोटुशी तीच होती, आणि फाटकाबाहेर निघून गेली. नथ्थूमामा तिच्या मागे धावला.

अध्यक्षबाईंनी सगळ्यांना जागेवर थांबवलं. जाहिदने त्यांच्यासमोर तो कापलेला आलेख ठेवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, आणि मग बायांकडे वळून विचारलं, "आठ लिटरच्या वर कोणाकोणाची गाय आहे?"

एक हात नाही.

"आठच्या खाली?"

सगळे हात वर, तेही असे चटचट, की मागच्या बाकावरच्या तापीबाईने दोन्ही वर केले. बाई हसल्या. त्यांनी चष्मा काढला, यादी घडी घालून सरांच्या हातात दिली आणि झुंबरला सोडायला सांगितलं. एकही गोऱ्हा आता खच्ची होणार नव्हता. वर्षभर नव्याने मोजायचं, झाकलेल्या बादलीने, आणि कोणाचं किती ते लोटनभाऊने कोणाला सांगायचं नाही. आमचा तो लेखही मागे घ्यायचा.

लोक पांगल्यावर गजराबाई माझ्याकडे आली. आपल्या गोऱ्ह्याचा दोर तिच्या हातात होता. हळूच म्हणाली, "मी बी दोन सड ठेवस, ताई." आणि त्याला घेऊन चालू लागली. तिला काय सांगणार? दहा मिनिटं आधी ओरडले असते तर, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

*

मामी माझ्याशी बोलेना. फोन केला की नथ्थूमामा उचलायचा, "ठीक शे, ठीक शे," म्हणायचा आणि ठेवायचा. सगळे काठी गावची होळी बघायला निघाले, जाहिदसुद्धा. मी गेले नाही. भूमिकाचे पाय सुजलेत, हे आईकडून कळलं. मग कळलं रक्तदाब वाढलाय. मग एक दिवस तिला शहाद्याच्या दवाखान्यात ठेवल्याचं कळलं, आणि मी गोठ्यातल्या नोंदी लिहिता लिहिता वही मिटून ठेवली.

दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही, हे मी दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना शिकवते, उदाहरणं देऊन, हसवून शिकवते. गरोदर बाईच्या रक्तदाबाचा आणि गाईच्या दुधाचा काडीचा संबंध नाही. हे मला पक्कं ठाऊक आहे. ते घोकत मी रोज अंथरुणात कूस बदलत होते. बाळाला काही झालं तर मामी जन्मभर माझ्या तोंडाकडे बघणार आणि तिला तो साडेअकराचा आकडाच ऐकू येणार. आणि कुठलंही गणित मांडून मी ते खोटं ठरवू शकणार नाही. जाहिद म्हणायचा, तू बरोबर केलंस. त्याने दुसरं काय म्हणावं? आईला म्हटलं मी दवाखान्यात जाऊन येते. आई म्हणाली, नको जाऊ बाई, तुला बघून त्या आणखी घाबरतील. मी! मला बघून घाबरतील!

फोन आला तेव्हा मी झुंबरचं वजन घेत होते. पडद्यावर मामीचं नाव. नथ्थूमामाचं नाही, मामीचं. अंगठा फिरवायलाही मला दोनदा प्रयत्न करावा लागला.

"मामी?"

"पोर व्हयनी भूमिकाले." आवाज कोरडा.

"कशी शे?" मी विचारलं. "दोन्ही कशा शेतस?"

"भूमिका बरी शे." मग जरा थांबून, मोजूनमापून, लोटनभाऊसमोर बोलायची तसं मामी म्हणाली, "पोरनं काय सांगू तुले. कायीकुट्ट शे. किडकिडी शे. रडाना बी जीव नही तिन्हामा."

आणि तिच्या पाठीमागे, दवाखान्याच्या त्या खोलीत, एक पोर असं भोकाड पसरून रडत होतं, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. दमदार, भरल्या छातीचं, छप्पर उडवणारं रडं. कोणीतरी बाई कौतुकाने काही बोलली आणि मामीने तिला झटकन चूप केलं.

माझे डोळे भरून आले. सुटले एकदाची, असं वाटलं. आणि त्याच क्षणी हेही उमगलं, की आजपासून मीही त्या डोळ्यांतली एक. माझ्यापासूनही आता चांगलं तेवढं झाकलं जाणार होतं.

पोरीचं वजन किती भरलं, हे अगदी जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं.

"ऱ्हाऊ दे मामी," मी म्हटलं. "किडकिडी तर किडकिडी. व्हई हळूहळू मोठी."